थरथर गिळणारं रबर

गाडी बंद करताना नीट लक्ष दिलंत तर एक गोष्ट जाणवेल. इंजिन थांबण्याच्या शेवटच्या क्षणी एकदा अंग झटकतं. सुरू होतानाही तसंच. मिनिटाला 750 फेरे घेत असताना जे इंजिन गुपचूप बसलेलं असतं, ते त्याहून हळू फिरताना जास्त का हलावं? याचं कारण इंजिनात नाही, इंजिन ज्यांच्यावर टेकलेलं असतं त्या माउंटमध्ये आहे. जुनं माउंट घरी बदलायचं असेल, तर हे कारण आधी समजून घेतलेलं बरं. बोल्ट कधी सैल ठेवायचे आणि कधी आवळायचे, तेही त्यातूनच ठरतं.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला 750 फेरे म्हणजे सेकंदाला साडेबारा, म्हणजे 25 धक्के. माउंटच्या रबरावर बसलेल्या इंजिनाचीही स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते, म्हणजे ढकलून सोडलं तर ते सेकंदाला ठरावीक वेळाच डोलतं. ती 10 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 10 हेलकाव्यांच्या, आसपास धरू. धक्क्यांची वारंवारता या आकड्याच्या 1.41 पटीपेक्षा जास्त असली, तरच रबर थरथर अडवतं. त्याखाली ते अडवत नाही, उलट वाढवतं. आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन 750 फेऱ्यांवर नुसतंच फिरत असताना, हे प्रमाण अडीच पट आहे, म्हणून धक्क्याचा जेमतेम पाचवा हिस्सा बॉडीपर्यंत पोचतो. 3000 फेऱ्यांवर प्रमाण दहापट होतं आणि हिशेबापुरता एक टक्का उरतो. इंजिन बंद होताना मात्र फेरे शून्याकडे येता येता 300 वरून जातात. तिथे सेकंदाला बरोबर 10 धक्के पडतात आणि क्षणभर अनुस्पंदन होतं: धक्के आणि इंजिनाचं डोलणं एका तालात येऊन हेलकावा वाढतो. ते अंग झटकणं म्हणजे हेच.

मग रबर हवं तेवढं मऊ का करत नाहीत? कारण माउंटला दुसरंही काम आहे आणि ते पहिल्याच्या नेमकं उलट आहे. आडव्या इंजिनाच्या, पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे गिअर) मिळून एकच गठ्ठा असतो. इंजिनाने 100 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, दिला आणि पहिला गिअर व डिफरन्शियल मिळून तो 14 पट झाला, तर चाकांना 1400 मिळतात. तितक्याच जोराने तो सगळा गठ्ठा उलट्या दिशेने फिरू पाहतो. त्याला धरून ठेवणाऱ्या माउंटमध्ये अर्धा मीटर अंतर असेल, तर प्रत्येकावर 2800 न्यूटन, म्हणजे सुमारे 285 किलोचा भार येतो. रिव्हर्स टाकला की हाच भार उलटा. रबर फाटलेलं असेल, तर गिअर बदलताना ऐकू येणारा 'ठक्' इथून येतो.

1931 मध्ये क्रायस्लरने प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' नावाची मांडणी आणली. इंजिन ज्या अक्षाभोवती सहज डोलतं, तो अक्ष त्याच्या गुरुत्वमध्यातून जाईल अशा बेताने रबरी माउंट लावले होते. पुढच्याच वर्षी सिट्रोएनने तिचे हक्क घेतले. आजच्या अनेक गाड्यांत एखादं माउंट द्रवाने भरलेलं असतं: आत दोन कप्पे, ग्लायकॉलचं मिश्रण आणि त्यांना जोडणारी लांब, अरुंद वाट. मोठ्या, संथ हालचालीत द्रव त्या वाटेने ढकलला जातो आणि हेलकावा जिरतो. बारीक, जलद थरथरीला एक पातळ चकती जागच्या जागी हलते, द्रव वाटेला लागतच नाही आणि माउंट मऊच राहतं. असं माउंट फुटलं की खाली काळा, चिकट ओघळ दिसतो.

साध्या माउंटला नैसर्गिक रबर लागतं. त्याचा गुण अजब आहे. ताणलं की त्याच्या रेणूंच्या साखळ्या रांगेत येऊन तेवढ्यापुरते स्फटिक बनतात, त्यामुळे चिरेचं टोक पुढे सरकता सरकता अडतं. लाखो हेलकावे सोसण्याची ताकद यातून येते. त्याचे शत्रू तीन: एक्झॉस्टची उष्णता, हवेतला ओझोन आणि तेल. ओझोनच्या चिरा ताणाला काटकोनात पडतात. वरवरच्या बारीक चिरा बघून मी तरी माउंट काढणार नाही. रबर धातूपासून सुटलेलं असेल, आरपार फाटलेलं असेल किंवा तेलाने फुगून लिबलिबीत झालं असेल, तर ते संपलं. आणि वरून तेल गळत असेल तर आधी ते थांबवा, नाहीतर नवं माउंटही त्याच वाटेने जाईल.

फाटलेलं रबर मऊ होतं, मग थरथर वाढते कशी? इंजिन खाली बसतं आणि धातू धातूला टेकतो. मधलं रबर जणू नाहीसंच होतं. मात्र आयडलिंगची प्रत्येक थरथर माउंटची नसते. एखादा सिलिंडर नीट पेटत नसला तरी गाडी अशीच हलते, आणि अशा वेळी माउंटवर विनाकारण खर्च होतो. म्हणून आधी पारख करा. बॉनेट उघडा, हँडब्रेक लावा, मदतनिसाला ब्रेक पूर्ण दाबून आधी पुढच्या गिअरमध्ये आणि मग रिव्हर्समध्ये इंजिनावर क्षणभर हलका भार द्यायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीच्या पुढे किंवा मागे कधीच नाही. इंजिन थोडं कलणारच. ते उचलल्यासारखं वर येऊन आपटत असेल, तर माउंट गेलंय.

काम सुरू करण्याआधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडी उचलायची तर सपाट, कडक जमिनीवर, जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली अंग घालायचं नाही, एका बोल्टपुरतंही नाही. इंजिनाला खालून आधार देताना जॅकवर जाड, रुंद लाकडी फळी ठेवा. ऑइल चेंबरच्या पातळ पत्र्यावर थेट जॅक लावला तर तो चेपतो आणि ॲल्युमिनियमचा असेल तर तडकतो. इंजिनाला वरून टांगणारा आडवा बार मिळाला तर उत्तमच. एका वेळी एकच माउंट सोडवा, म्हणजे बाकीचे इंजिनाला जागेवर ठेवतात.

इंजिन किती उचलायचं, हेही गणितातून कळतं. 10 हर्ट्झला डोलणारं रबर इंजिनाच्या वजनाने साधारण अडीच मिलिमीटर दबतं. म्हणजे बोल्टवरचा भार जाण्यापुरते काही मिलिमीटर पुरतात. त्याहून वर गेलात तर रेडिएटरच्या नळ्या, तारा आणि एक्झॉस्टचा जोड ताणला जातो. बोल्ट हाताने फिरेनासा झाला, तर जॅक अगदी किंचित वरखाली करा. भार सुटतो त्या ठिकाणी तो अचानक मोकळा होतो. ब्रॅकेट आणि बॉडी यांच्या फटीत मात्र बोटं घालू नका.

नवं माउंट बसवताना घाई नडते ती बोल्ट आवळताना. सगळे बोल्ट आधी हाताने लावा आणि सैलच ठेवा. जॅक काढून इंजिनाचं पूर्ण वजन रबरावर येऊ द्या, ते हाताने पुढेमागे डोलवा, मगच आवळा. इंजिन उचललेलं असताना बोल्ट आवळले, तर खाली आल्यावर रबर पिळलेलंच राहतं. विश्रांतीतही ताण सोसणारं रबर लवकर फाटतं, आणि एका बाजूला दाबलेलं रबर कडक वागतं. कडकपणा चौपट झाला की नैसर्गिक वारंवारता दुप्पट होते, 10 ची 20. आयडलिंगच्या 25 धक्क्यांशी तिचं प्रमाण मग सव्वा पटच उरतं. हे 1.41 च्या खाली आहे, म्हणजे रबर थरथर अडवायची सोडून वाढवणार. शर्यतीच्या गाड्यांतली कडक पॉलियुरेथेन माउंट रोजच्या गाडीत नकोशी होतात ती यामुळे.

आवळायला टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते कळणारा पाना, वापरा आणि आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण 90 टक्के घर्षणात जातो, बोल्ट ताणायला 10 टक्केच उरतो. म्हणून आट्यांना आपल्या मनाने तेल लावलं तर त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जाऊन तुटू शकतो. काही बोल्ट ठरलेल्या अंशांत फिरवून मुद्दाम ताणायचे असतात. ते एकदा काढले की नवेच घालायचे.

सगळं बसल्यावर इंजिन सुरू करून आयडलिंगला ठेवा. थरथर उरली असेल तर एक्झॉस्टचा पाइप बॉडीला किंवा क्रॉसमेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या तुळईला, टेकतोय का बघा. फाटक्या माउंटवर बसलेल्या इंजिनाबरोबर तोही सरकलेला असतो. इंजिन मूळ उंचीवर आलं की पाइपचे रबरी हँगर आणि जोड एकदा सैल करून पुन्हा बसवावे लागतात.