अस्मा अल मुदीर

अल मुदीर, अस्मा : (१९९०– ). मोरोक्कोची चित्रपट-दिग्दर्शिका, पटकथाकार व निर्माती. कॅसाब्लांका शहरातील सबाता या कष्टकऱ्यांच्या वस्तीत ती वाढली. तिने चित्रपटाचे शिक्षण मोरोक्को व फ्रान्समध्ये घेतले. सुरुवातीला लघुपट आणि दूरचित्रवाणीसाठी माहितीपट केल्यानंतर २०२० साली तिचा ‘द पोस्टकार्ड’ हा माहितीपट आला. त्यात आईच्या जाविया या डोंगरातल्या गावाचे एक जुने पोस्टकार्ड हाती लागते आणि अस्मा त्या गावाचा शोध घेत निघते.

तिची खरी ओळख मात्र ‘कदिब अब्यद’ (२०२३, ‘द मदर ऑफ ऑल लाइज’) या चित्रपटाने झाली. तो पुरा व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. घरात अस्माच्या बालपणाचे एकच छायाचित्र होते, आणि त्यातली मुलगी आपणच का, याचीही तिला खात्री नव्हती. आजी झहरा हिचा घरात दरारा. फोटो काढणे तिला निषिद्ध वाटे. भिंतीवर लागे तो फक्त मोरोक्कोचे तेव्हाचे राजे दुसरे हसन यांचा. बाराव्या वर्षी अस्माने आजीची नजर चुकवून स्टुडिओ गाठला आणि हवाई बेटांचे चित्र असलेल्या पडद्यासमोर उभे राहून स्वतःचा फोटो काढून घेतला.

या घरगुती अबोल्याआड शहराचा इतिहास दडला होता. जून १९८१ मध्ये पावासह खाद्यपदार्थांची दरवाढ झाली आणि कॅसाब्लांकात संप व दंगली उसळल्या. लष्कराने गोळीबार केला. सरकारने मृतांचा आकडा ६६ सांगितला. विरोधकांच्या मते तो सहाशेच्या वर होता. शेजारची फातिमा ही बारा वर्षांची मुलगी त्यात मारली गेली आणि तिचा मृतदेह पोलिसांनी नेला. या दिवसांची दृश्ये जवळपास उपलब्धच नाहीत. म्हणून चित्रपटासाठी गवंडीकाम जाणणाऱ्या अस्माच्या वडिलांनी सबाताची गल्ली, घरे, दिवे असे सारे छोट्या आकारात उभारले; माणसांच्या जागी मातीच्या बाहुल्या आल्या आणि त्यांचे कपडे आईने शिवले. कुटुंबीय आणि शेजारी या गल्लीभोवती बसून बोलू लागतात. दंगलीत पकडलेले कैदी कोंदट कोठडीत गुदमरून कसे मेले, हे एक शेजारी बाहुल्या हाताळत सांगतो, तेव्हा त्याचा बांध फुटतो. आजी मात्र शेवटपर्यंत नमत नाही. स्वतःची प्रतिमा समोर येताच ती काठी उगारते. चित्रपटातले सर्वांत जिवंत पात्र तीच, हे मान्य करावे लागते.

फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात (२०२३) या चित्रपटासाठी अस्माला ‘अँ सर्तें रगार’ या वेगळ्या धाटणीच्या चित्रपटांच्या विभागात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. माहितीपटांसाठीचा ‘लई द’ऑर’ हा पुरस्कार ट्युनिशियाच्या कौथर बेन हानिया यांच्या चित्रपटासोबत विभागून देण्यात आला. त्याच वर्षी सिडनी महोत्सवाचे मुख्य पारितोषिक मिळाले, तर मराकेश महोत्सवाचा सर्वोच्च ‘सुवर्णतारा’ प्रथमच मोरोक्कन चित्रपटाकडे आला. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात तो अखेरच्या पंधरांत होता, पण नामांकन हुकले. २०२४ मध्ये कानच्या त्याच विभागात ती परीक्षक म्हणून बसली.