काच खाली केली म्हणजे धूर गेला का?

जळगावच्या बसस्थानकात बिडी पेटवली तर दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तीच बिडी स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या स्वतःच्या बोलेरोत, काचा वर, एसी सुरू, मागच्या सीटवर तीन पोरं, अशा थाटात ओढली तर तंबाखूच्या कायद्याला काही देणंघेणं नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात सार्वजनिक जागा कोणत्या ते दिलंय: दवाखाने, कोर्टकचेऱ्या, शाळा, खानावळी, प्रवासी वाहनं. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत बसथांबे आणि रेल्वे स्टेशनंही आली. खासगी गाडी यात कुठेच बसत नाही. काळी-पिवळी बसते, कारण ती भाडं घेऊन प्रवासी नेते. तिथे कायदा आहे, तो पाळताना फक्त कुणी पाहिलेलं नाही.

‘गाडी माझी, पैसे माझे, फुफ्फुसं माझी, मग सरकारचं काय जातं?’ हा सवाल पानटपरीवर हमखास ऐकू येतो आणि तो फालतू नाही. प्रौढ माणसाने स्वतःचं काय करावं हे दुसऱ्याने सांगू नये, हे मलाही पटतं. पण गाडीतली हवा सामाईक असते आणि तिचा हिशेब मांडता येतो.

एक सिगारेट जळून संपेपर्यंत ढोबळमानाने १० मिलिग्रॅम बारीक कण हवेत सोडते. त्यातले बहुतेक एक मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे नाकातल्या केसांना चुकवून थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जाणारे. मध्यम आकाराच्या मोटारीत हवा मावते साधारण ३ घनमीटर. सगळं बंद धरून भागाकार केला की उत्तर येतं घनमीटरला ३,००० मायक्रोग्रॅमच्या वर. अशा कणांसाठी आपल्या देशाचं मानक आहे ६०, जागतिक आरोग्य संघटनेचं १५. आता यात थोडी लबाडी आहे, ती सांगून टाकतो. मानकं चोवीस तासांच्या सरासरीची आहेत आणि सिगारेट दहा मिनिटांत संपते. शिवाय कुठलीच गाडी पूर्ण हवाबंद नसते, काही कण सीटला आणि छताला चिकटतात. त्यामुळे प्रत्यक्ष मोजमापांत आकडे काचा, वेग आणि पंख्याप्रमाणे काहीशे ते काही हजार असे हलतात. तरी खेळ कुठल्या पातळीवरचा आहे ते कळतं.

हा धूर बहुतांशी ओढणाऱ्याच्या तोंडातून येतच नाही. माणूस मिनिटाला एखादा झुरका घेतो. उरलेला वेळ सिगारेट बोटांत नुसती धुमसत असते. धुमसताना तापमान कमी असतं, ज्वलन अर्धवट होतं आणि मधे फिल्टरही नसतो. म्हणून या धुरात कित्येक विषारी घटक झुरक्यातल्या धुरापेक्षा जास्त असतात. बिडीचं जरा वेगळं. सातपुड्यातून येणाऱ्या टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली ही बिडी ओढली नाही की विझते. म्हणून ती निर्धोक ठरत नाही. ती पेटती ठेवायला माणूस झुरके जास्त आणि खोल घेतो, एवढंच.

या वादात एक आकडा फार फिरला: गाडीतला धूर नेहमीपेक्षा २३ पट विषारी. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या संघटनेनेसुद्धा गाड्यांमध्ये बंदी मागताना तो वापरला आणि मग दुरुस्ती करून ११ पटींवर यावं लागलं. आधीच्या वर्षी दोन संशोधकांनी त्या २३ चा माग काढला होता. तो जाऊन पोचला अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रातल्या १९९८ च्या बातमीपाशी. मूळ मोजमाप हाती लागलंच नाही. बंदीच्या विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. मला याचा राग येतो, कारण खरे आकडे पुरेसे वाईट असताना ही हातचलाखी करायची गरजच काय?

काच खाली करण्याचा उपाय अगदीच फोल नाही. चालत्या गाडीत पुढची काच चार बोटं उघडली की बरीच हवा बाहेर ओढली जाते, कण उतरतात. मात्र ते बाहेरच्या हवेइतके खाली येत नाहीत. मागच्या सीटवर तर नाहीच नाही. फाटकापाशी गाडी थांबली की ती ओढही संपते. आणि खानदेशातल्या मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, काच उघडी ठेवतो कोण? एसीवर आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलेलं असतं. त्याची जाळी धूळ अडवते, वायू जवळजवळ तसेच सोडते.

धूर निवल्यावरही काही उरतं. निकोटीन सीटच्या कापडात आणि डॅशबोर्डवर बसतं, हवेतल्या नायट्रस आम्लाशी त्याची क्रिया होते आणि कर्करोग घडवू शकणारी संयुगं तयार होतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेने हे दाखवलं. धूम्रपान करणाऱ्याच्या गाडीच्या आतल्या पृष्ठभागांवर ही संयुगं प्रत्यक्ष सापडलीही. सीट चाटणारं, मग बोटं तोंडात घालणारं पोरच तिथे सर्वांत जवळ असतं. त्यात तान्हं मूल मिनिटाला तीस-चाळीस श्वास घेतं, आपण बारा ते अठरा. नळ्या अरुंद, वजन कमी. दम्याचे झटके, छातीचे आजार आणि कान फुटणं यांचा या धुराशी संबंध पक्का ठरलेला आहे.

सार्वजनिक बंदीने काय साधतं? स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये बंदी आली, तेव्हा लोक घरात जास्त ओढतील अशी भीती होती. उलट झालं. आधी दर वर्षी वाढत असलेली मुलांची दम्यासाठीची रुग्णालयभरती बंदीनंतर वर्षाला १८ टक्क्यांनी घटू लागली. हृदयविकाराच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा: स्कॉटलंडच्या अभ्यासात १७ टक्के घट दिसली, इंग्लंडच्या मोठ्या अभ्यासात जेमतेम २.४.

उघड्यावरची बंदी मला कमी पटते. मळ्यात भरताची वांगी काड्यांवर भाजताना धुराचं कुणाला काही वाटत नाही, तोच जाळ बंद खोलीत केला तर डोळे उघडवत नाहीत. सिगारेटचंही तसंच आहे. वाऱ्याच्या दिशेला अगदी खेटून उभं राहिलं तर धूर बाधतो, दोन मीटरपलीकडे तो जवळपास शून्यावर येतो. शेताच्या बांधावर बिडी ओढणाऱ्या बाबांना कायद्याने गाठू नये. गंमत म्हणजे आपण नेमकं उलटं केलंय. मुख्यतः खाणाऱ्यालाच मारणाऱ्या गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी (मिळतो, ते वेगळं), आणि शेजारच्या पोराच्या छातीत जाणारा गाडीतला धूर मोकळा. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे गाडीतल्या बंदीने फार लोकांचा घास हिरावला जाणार नाही.

‘त्रास होत असेल तर सांगावं ना’ असं म्हणणं सोपं असतं. चोपड्याहून अमळनेरला जाताना काळी-पिवळीत पुढे बसलेल्या एकाने बिडी लावली. मागच्या म्हाताऱ्याने हटकलं, तर हा म्हणतो, “काच उघडी शे ना भो, धूर बाहेर चालना जास.” म्हातारा म्हणाला, “पोऱ्या खोकली ऱ्हायना ना दादा, फेकी दे ती.” दिली बुवा फेकून. पण त्या पोराची आई पूर्ण वेळ पदर त्याच्या नाकाशी धरून गप्प बसली होती. ओढणारा तिचा सासरा किंवा दीर असता आणि गाडी घरची असती, तर? रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यातलं १६७ वं कलमही सहप्रवाशाने हरकत घेतली तर, अशी अट घालून सुरू होतं. चार वर्षांचं पोर हरकत घेत नाही.

इंग्लंडने १ ऑक्टोबर २०१५ पासून ती अटच ठेवली नाही. गाडीत अठराखालचं कुणी असेल आणि दुसरा कुणी ओढत असेल तर ५० पौंड दंड; उघड्या छताची गाडी असेल आणि छत पूर्ण उतरवलेलं असेल तर सूट; एकटा असाल तर खुशाल ओढा. पोलिसांनी दंड फार थोड्यांना केले, त्यावरून टीकाही झाली. आपल्याकडे तेवढी दोन ओळींची तरतूद आली तर धुळ्याच्या चौकातला हवालदार काळ्या काचेआड डोकावणार नाही, हे मला माहीत आहे. पण मागच्या सीटवरच्या त्या आईला “दंड होतो म्हणे” एवढं तरी म्हणता येईल.