भरलेल्या बॅटरीवर ट्रोलिंग मोटर का दमते?

ठाणे खाडीत ओहोटीच्या ओढीविरुद्ध होडी नेताना ट्रोलिंग मोटर (होडी चालवणारी, बॅटरीवरची छोटी विद्युत मोटर) ढेपाळली, की पहिला संशय बॅटरीवर जातो. मल्टीमीटर लावावा तर आकडा १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. मग मोटरच गेली असं ठरवून ती उतरवली जाते. खरा दोष बऱ्याचदा या दोघींच्या मधल्या वायर, लुग (वायरच्या टोकाची धातूची कडी), ब्रेकर नाहीतर प्लगमध्ये असतो, आणि मोटर बंद असताना तो मीटरवर दिसतच नाही.

कारण साधं आहे. जोडातली व्होल्टेजची घट म्हणजे करंट गुणिले रोध. मीटर स्वतः नगण्य करंट ओढतो, त्यामुळे घटही नगण्य. १२ व्होल्टची, ५५ पौंड थ्रस्टची (ढकलण्याच्या जोराची) मोटर मात्र पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास घेते. कळंक चढलेल्या एखाद्या लुगचा रोध जेमतेम ०.०२ ओहम असला, तरी तिथे १ व्होल्ट गळतो आणि ५० वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न एवढ्यावरच चालतं, त्यामुळे प्लगचं प्लास्टिक वितळलं तर नवल नाही. हा रोध मीटरच्या ओहम रेंजवर शोधू नका, मीटरच्या तारांचाच रोध त्याच्या कित्येक पट असतो. मीटरच्या सलगता तपासणीत बीप वाजली म्हणजे जोड पक्का, हाही भ्रमच. वीसपैकी एकच तंतू शिल्लक असला तरी बीप वाजते.

तपासणी लोडवरच करायची. होडी पाण्यात धक्क्याला घट्ट बांधा, प्रोपेलर पूर्ण बुडालेला हवा. किनाऱ्यावर हवेत फिरवलेली मोटर फारच कमी करंट घेते, म्हणून तिथे सगळं छान वाटतं. पूर्ण वेग देऊन आधी थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर व्होल्टेज बघा. १०० अँपिअर-तासांची धडधाकट लेड-ॲसिड बॅटरी ११.५ च्या आसपास टिकते, मिनिटभरात १०.५ च्या खाली घसरली, तर बॅटरीच थकली आहे. (गाडीची बॅटरी इथे लावूच नये. ती क्षणभर जोर देण्यासाठी असते, तासन्‌तास रिकामी होण्यासाठी नाही.) लिथियम बॅटरी सावकाश घसरत नाही. आतला बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) मर्यादा ओलांडताच एकदम पुरवठा तोडतो.

बॅटरी पास झाली, की मीटरची एक टोकणी पॉझिटिव्ह खुंटावर आणि दुसरी मोटरकडच्या प्लगच्या पॉझिटिव्हवर ठेवा. मोटर चालू असताना दिसणारा आकडा म्हणजे त्या बाजूची एकूण घट. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. जास्त असेल तर दुसरी टोकणी एकेक जोड मागे आणत चला; जिथे आकडा एकदम पडला, त्याच्या लगेच पुढचा, म्हणजे मोटरकडचा जोड दोषी. नंतर निगेटिव्हचीही अशीच फेरी, कारण ती बाजू हमखास विसरली जाते. बॅटरी मागे आणि मोटर नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर असेल तर वायरची जाडीही मोजून घ्या. सहा मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर तांबं. ६ चौरस मिमी वायरवर ५० अँपिअरला सुमारे १.८ व्होल्ट जातात, १६ चौरस मिमीवर ०.७.

खाडीत आणखी एक भानगड असते. प्लगमध्ये खाऱ्या पाण्याचा ओलावा राहिला आणि बॅटरी जोडलेलीच असली, तर दोन पिनांमध्ये विद्युतअपघटन सुरू होतं आणि पॉझिटिव्ह पिन झिजत जाते. म्हणून काम झालं की प्लग काढा, गोड्या पाण्याने ओला केलेल्या फडक्याने पुसा, वाळवा. लुग कापून नवी बसवताना आतलं तांबं काळं पडलेलं दिसलं, तर चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापा. कथिलाचा मुलामा दिलेली वायर, नीट क्रिम्प केलेली (दाबून बसवलेली) लुग आणि वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी इथे टिकते. ब्रेकर बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा.

ब्रेकर सारखा उडत असेल तर तो मोठा बसवण्याआधी बॅटरीची जोडणी काढून प्रोपेलर काढा. मागे शाफ्टवर मासेमारीची तंगूस गुंडाळलेली सापडते. तीच पुढे सील कापते आणि आत पाणी शिरतं. पिशव्या आणि ओहोटीतला गाळसुद्धा करंट वाढवतात. तो मोजायला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात.

पाच वेगांच्या जुन्या पद्धतीच्या मोटरला फक्त पाचवाच वेग चालत असेल, तर खालच्या वेगांच्या कॉइल जळल्या असणार. मोटर कधी सुरू होते, कधी नाही, आणि पुरवठा बंद करून प्रोपेलर हाताने थोडा फिरवून ठेवला की परत चालते, असं असेल तर कार्बन ब्रश झिजलेत. एवढं दिसल्यावर मात्र मोटर खुशाल दुरुस्तीला न्या.