तुमचा आयपी ॲड्रेस : घरातला की बाहेरचा?

तुमच्या कॉम्प्युटरची देखभाल करणारे आम्ही फोनवर "तुमचा आयपी सांगा" म्हटलं की पलीकडून कोणी वाय-फायचा पासवर्ड सांगतं, कोणी ईमेल. चूक आमचीही आहे, आम्ही कधी नीट समजावून सांगितलं नाही. आयपी म्हणजे नेटवर्कवरचा तुमच्या मशीनचा पत्ता. म्हणून हे पत्रक. राउटरशेजारी ठेवा.

पेठेतला जुना वाडा आठवा. पोस्टमनला वाड्याचा घर नंबर पुरायचा. कुठलं पत्र कुठल्या बिऱ्हाडाचं, हे आतले लोक बघायचे. इंटरनेट कंपनी तुमच्या राउटरला बाहेरचा पत्ता देते आणि राउटर घरातल्या मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटरला आतले पत्ते वाटतो. आतला पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो, काही ठिकाणी १० ने. शेजाऱ्यांकडेही १९२.१६८.१.५ असेल तर घाबरू नका. जिन्याखालची खोली प्रत्येक वाड्यात असायचीच.

ही काटकसर का? पत्त्यात चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. सगळे मिळून साधारण ४३० कोटी पत्ते होतात आणि जगाला ते पुरत नाहीत. जागतिक साठ्यातले मोकळे गठ्ठे २०११ मध्येच वाटून संपले. आता काही कंपन्या बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात. तसं असेल तर दुकानाचा कॅमेरा थेट आयपी टाकून घरून दिसत नाही. एक तर कॅमेऱ्याचं क्लाउड ॲप वापरा, नाहीतर कंपनीकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, फक्त तुमचा आयपी घ्या. नवी, लांबलचक आयपीव्ही६ पद्धतही आली आहे, पण फोनवर ती आम्ही शक्यतो विचारणार नाही.

आतला पत्ता असा बघा. विंडोजवर विंडोजचं बटण दाबून ठेवून आर दाबा, चौकटीत इंग्रजीत सीएमडी लिहून एंटर मारा. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत, सलग लिहा आणि एंटर मारा. 'आयपीव्ही४ ॲड्रेस'समोर तुमचा पत्ता दिसेल, 'डिफॉल्ट गेटवे'समोर राउटरचा. मोबाइलवर वाय-फायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावाशेजारचं चाकाचं किंवा इंग्रजी 'आय'चं चिन्ह दाबा. बाहेरच्या पत्त्यासाठी गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधा. बसलात कोथरूडला आणि ठिकाण मुंबई दिसलं, तर तो बिघाड नाही. आयपीवरून ठिकाण ढोबळच कळतं.

पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, मशीनने स्वतःच घेतलाय. आधी केबल नीट बसली आहे का बघा, मग राउटर बंद करून चालू करा.

आमच्याकडे सगळ्यात जास्त तक्रार येते ती 'प्रिंटर ऑफलाइन'ची, तीही पावसाळ्यात. नारायण पेठेतल्या एका ऑफिसात रात्री लाइट गेली, सकाळी राउटरने नव्याने पत्ते वाटले आणि प्रिंटरच्या पत्त्यातला शेवटचा आकडा ७ चा ९ झाला. कॉम्प्युटर बिचारा ७ नंबरचंच दार वाजवत बसला. त्यांनी दोन टोनर बदलले, मग आम्हाला बोलावलं! यावर उपाय म्हणजे राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवायचा. दहा मिनिटांचं काम आहे, देखभाल करार असेल तर आम्ही त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

"तुमचा आयपी हॅक झालाय, हे ॲप टाका" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. आम्ही असा फोन करत नाही.

आमचा नंबर बिलावर आहे. फोन करताना मशीनसमोर बसा आणि काळी खिडकी उघडी ठेवा.