डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर शोधून का सापडत नाही?

घरच्या संगणकावरचा डीव्हीडी ड्राइव्ह एकाएकी दिसेनासा झाला की बहुतेक जण ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवण्यासाठी विंडोजला लागणारा प्रोग्रॅम, शोधायला जातात. तिथे मिळतं ते फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या चिपमध्ये राहणारा प्रोग्रॅम. नव्या प्रकारच्या कोऱ्या डिस्कवर नीट लिहिता यावं म्हणून तो बदलतात. विंडोजला ड्राइव्ह दिसणं न दिसणं त्यावर सहसा अवलंबून नसतं. ड्रायव्हर मिळत नाही, कारण तो मुळात नसतोच. विंडोज २००० आणि एक्सपीपासून सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे या सगळ्यांना विंडोजमधलीच सीडीरॉम.सिस ही एक फाइल चालवते. मग ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम’ येतो कुठून, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

विंडोजआधीच्या डॉस या प्रणालीच्या काळात मात्र कंपनीचा ड्रायव्हर खरोखरच लागे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅनासॉनिक, मित्सुमी, सोनी या प्रत्येकाची जोडणी वेगळी होती आणि ड्राइव्हची केबल बऱ्याचदा साउंड कार्डावर जाई. संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या दोन फाइलींपैकी कॉन्फिग.सिसमध्ये त्या त्या ड्राइव्हचा ड्रायव्हर लिहायचा, त्याला ‘एमएससीडी००१’ असं एखादं नाव द्यायचं आणि ऑटोएक्झेक.बॅटमध्ये मायक्रोसॉफ्टच्या एमएससीडीईएक्स या प्रोग्रॅमला तेच नाव सांगायचं. दोन ओळींतल्या नावांत एका अक्षराचा फरक पडला, तरी ‘डिव्हाइस ड्रायव्हर सापडला नाही’ असा संदेश येऊन ड्राइव्ह बंद. एमएससीडीईएक्स सीडीला नेटवर्कवरच्या ड्राइव्हसारखं दाखवत असे, म्हणून ड्राइव्हची अक्षरं कुठवर जातील ते ठरवणाऱ्या लास्टड्राइव्हच्या ओळीत पुढची अक्षरं मोकळी ठेवणं भाग होतं. हे सगळं ६४० केबी मेमरीतच बसवायचं असल्याने सीडी चालू झाली की एखादा गेम मेमरी कमी पडते म्हणून चालत नसे.

या सावळ्यागोंधळावर उतारा ठरलं ते एटापी: हार्डडिस्कच्याच ४० पिनांच्या आयडीई केबलवर सीडी ड्राइव्हही चालवण्याची पद्धत. सगळे ड्राइव्ह एकच भाषा बोलू लागल्यावर एकच ड्रायव्हर सगळ्यांना पुरू लागला. विंडोज ९८च्या स्टार्टअप फ्लॉपीवर ओकसीडीरॉम.सिस नावाचा असा सरसकट चालणारा ड्रायव्हर होता. ती फ्लॉपी मेमरीतच एक तात्पुरता ड्राइव्ह तयार करी आणि सीडीचं अक्षर एकाने पुढे सरके, त्यामुळे ‘डी’वर सेटअप शोधणाऱ्यांना तो ‘ई’वर सापडे. विंडोज ९५ आणि ९८मध्ये आणखी एक दुखणं होतं. कॉन्फिग.सिसमधली जुनी डॉसची ओळ तशीच राहिली, तर विंडोजचा स्वतःचा ३२ बिटी ड्रायव्हर बाजूला पडून ड्राइव्ह ‘कंपॅटिबिलिटी मोड’मध्ये रखडत चाले. त्या ओळीच्या आधी ‘रेम’ लिहून ती निकामी केली की काम होई.

इथवर आल्यावर गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण सीडी लिहिणारे ड्राइव्ह स्वस्त झाले.

सीडी लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरला ड्राइव्हशी थेट बोलायचं असतं. विंडोज ९५-९८मध्ये अडॅप्टेकच्या एस्पी या मधल्या थराने ते भागे. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये एस्पी मुळात नव्हता. त्यामुळे प्रत्येक कंपनीने आपापली वाट काढली आणि ती वाट म्हणजे फिल्टर ड्रायव्हर. मूळ ड्रायव्हरच्या वर किंवा खाली बसून येणाजाणारी प्रत्येक आज्ञा पाहणारा, हवी तर बदलणारा हा छोटा ड्रायव्हर. विंडोजने ही सोय रीतसर दिलेली आहे. विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या रेजिस्ट्रीत सीडी-डीव्हीडीच्या वर्गाची एक की, म्हणजे नोंदींचा कप्पा, असते आणि तिच्यात अप्परफिल्टर्स व लोअरफिल्टर्स अशा दोन याद्या. ड्राइव्ह सुरू करताना विंडोज या याद्यांमधलं प्रत्येक नाव उचलते आणि त्याची फाइल चढवते.

गोम इथेच आहे. यादीतली एक जरी फाइल चढली नाही, तर विंडोज ती सोडून पुढे जात नाही. अख्खा ड्राइव्हच सुरू करत नाही. सीडीरॉम.सिस धडधाकट, ड्राइव्ह धडधाकट, केबल धडधाकट, आणि उपकरणांची यादी दाखवणाऱ्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. फाइल नसल्यास किंवा खराब झाल्यास कोड ३९, रेजिस्ट्रीतली नोंद बिघडल्याचं वाटल्यास कोड १९, ड्रायव्हरची सेवा बंद केलेली असल्यास कोड ३२. ३१ आणि ४१ हेही त्याच कुटुंबातले. सॉफ्टवेअर अर्धवट अनइन्स्टॉल झालं, विंडोजची नवी आवृत्ती चढवताना जुना ड्रायव्हर चालेनासा झाला, अँटिव्हायरसने फाइल उचलून नेली, या सगळ्यांत यादीतलं नाव मागे उरतं आणि फाइल जाते. २००१मध्ये एक्सपी आलं, तेव्हा आधीच्या विंडोजवर इझी सीडी क्रिएटर हे सीडी लिहिण्याचं सॉफ्टवेअर असलेल्या अनेक संगणकांवर अपग्रेडनंतर ड्राइव्ह नाहीसे झाले ते यामुळेच. (गंमत म्हणजे एक्सपीतली सीडी लिहिण्याची स्वतःची सोय त्याच सॉफ्टवेअरच्या कंपनीकडून, रॉक्सिओकडून, परवान्याने घेतलेली होती.) मायक्रोसॉफ्टने त्यावर ३१४०६० क्रमांकाचा मदतलेख काढला. त्यातला उपाय, दोन्ही याद्या काढून टाका, आजही सगळीकडे उतरवला जातो.

तो लागू पडतो, पण जरा आंधळा आहे. बेताने करायचं तर असं: रेजिस्ट्री बदलण्याचा रेगएडिट हा प्रोग्रॅम उघडून एचकी लोकल मशीन, सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास या वाटेने ४डी३६ई९६५ ने सुरू होणाऱ्या की वर जायचं. आधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवायची. मग अप्परफिल्टर्स उघडून त्यातल्या प्रत्येक नावाची .सिस फाइल विंडोजच्या सिस्टीम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये आहे का ते पाहायचं आणि नसेल तेवढीच ओळ काढायची. फाइलचं नाव कधी वेगळं असतं, तेव्हा सर्व्हिसेस की मधली त्या नावाची इमेजपाथ नोंद खरी. लोअरफिल्टर्सचंही तसंच. ‘.बॅक’ शेपटीच्या नोंदींना हात लावायची गरज नाही. शेवटी संगणक रीस्टार्ट. यादीत नेहमी दिसणारी नावं म्हणजे आयट्यून्सबरोबर येणारा गिअरएस्पीडब्ल्यूडीएम आणि सोनिक-रॉक्सिओच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारा पीएक्सहेल्प२०. पहिला काढला की ड्राइव्ह परत येतो, पण आयट्यून्स उघडताना रेजिस्ट्रीतली नोंद हरवल्याची तक्रार करतं. मग आयट्यून्स पुन्हा इन्स्टॉल करायचं.

की निवडताना मात्र आकडा दोनदा वाचावा. शेजारीच ४डी३६ई९६बी ही कीबोर्डची आणि ४डी३६ई९६एफ ही माउसची की आहे. त्यांच्याही अप्परफिल्टर्समध्ये नावं असतात आणि ती विंडोजला लागतात. कीबोर्डच्या यादीतलं केबीडीक्लास उडवलं, की पुढच्या वेळी पासवर्ड टाइप करायलाही कीबोर्ड चालणार नाही.

फिल्टरचा सर्वांत बदनाम वापर २००५मध्ये उघड झाला. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी विंडोजचे जाणकार मार्क रसिनोविच यांनी दाखवून दिलं, की सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या काही सीडी संगणकात घातल्या की एक्ससीपी नावाचं नक्कल-प्रतिबंधक सॉफ्टवेअर बसतं आणि स्वतःला लपवतं. त्यातला क्रेटर.सिस हा सीडी ड्राइव्हच्या लोअरफिल्टर्समध्ये आणि कॉर.सिस हा आयडीई चॅनलवर बसलेला होता. लपलेल्या फाइली शोधून नुसत्या पुसून टाकल्या तर वर सांगितलेलंच होई: यादीत नाव, फाइल गायब, ड्राइव्ह बंद. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

फिल्टरशी संबंध नसलेलं एक्सपीच्या काळातलं दुसरं दुखणं म्हणजे ड्राइव्ह दिसतो, पण कासवाच्या गतीने चालतो आणि डीव्हीडी पाहताना सगळा संगणकच अडखळतो. आयडीईवर वाचताना वारंवार चुका झाल्या, म्हणजे टाइमआउट किंवा सीआरसीच्या (डेटा जुळतो का या तपासणीच्या) सहा, की एक्सपी डीएमएचा (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवण्याचा) वेग एकेक पायरी उतरवत शेवटी पीआयओ या जुन्या संथ पद्धतीवर नेई आणि आपणहून परत वर चढवत नसे. ओरखडे पडलेली एखादी लग्नाची सीडी वारंवार घातली, तरी एवढ्याला ती पुरे. पीआयओ ४ची कमाल गती सेकंदाला १६.७ एमबी, १६ पट वेगाच्या डीव्हीडीला सुमारे २२ लागतात. शिवाय त्यात प्रत्येक शब्द प्रोसेसरला स्वतः उचलावा लागतो, म्हणून संगणक अडखळे. डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं की मोजणी नव्याने सुरू होई. जुनी ४० तारांची केबल असेल तर ती बदलून ८० तारांची घालणं हा कायमचा इलाज.

आयडीईच्या जागी साटा ही नवी जोडणी आली आणि जंपर, मास्टर-स्लेव्ह, रिबन केबल एकदाचे गेले. विंडोज ७मध्ये मात्र एका चुकीच्या संदेशाने भल्याभल्यांना फिरवलं. सेटअप सुरू असताना ‘सीडी/डीव्हीडीचा आवश्यक ड्रायव्हर नाही’ असं येई, तेही पेनड्राइव्हवरून सेटअप चालवताना, जिथे डीव्हीडीचा संबंधच नाही. खरं कारण असं, की २००९च्या विंडोज ७मध्ये यूएसबी ३.०चा ड्रायव्हर नव्हता. सेटअपचा पहिला टप्पा मदरबोर्डवरच्या बायॉस या प्रोग्रॅमच्या मदतीने वाचला जाई आणि पुढे विंडोजला स्वतः वाचायची वेळ आली, की पेनड्राइव्ह दिसेनासा होई. पेनड्राइव्ह काढून यूएसबी २.०च्या पोर्टमध्ये लावला की काम फत्ते. इंटेलच्या २०१५च्या १०० मालिकेच्या चिपसेटपासून तीही पळवाट बंद झाली, यूएसबी ३.०चे ड्रायव्हर सेटअपमध्येच घालून घ्यावे लागले. हाच संदेश अर्धवट उतरलेल्या आयएसओमुळे (डिस्कच्या प्रतिमा-फाइलमुळे) किंवा घाईने लिहिलेल्या डिस्कमुळेही येतो.

विंडोज ७ ते १० मध्ये अप्परफिल्टर्स साफ असूनही ड्राइव्ह दिसत नसेल, तर मायक्रोसॉफ्टने सुचवलेली एक नोंद करून पाहावी. सर्व्हिसेसखालच्या एटापी या की मध्ये ‘कंट्रोलर०’ अशी नवी की आणि तिच्यात ‘एनमडिव्हाइस१’ हे डीवर्ड मूल्य १. नावं अर्थातच रोमन लिपीत आणि जोडून टाइप करायची.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सीडीरॉम.सिसची तारीख बहुधा २१ जून २००६ दिसते आणि ‘तुमचा ड्रायव्हर जुनाट झालाय’ असं घाबरवणारे अपडेटर प्रोग्रॅम त्यावरच जगतात. विंडोजबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरांवर मायक्रोसॉफ्ट व्हिस्टाच्या काळातली ही तारीख मुद्दाम घालते, म्हणजे हार्डवेअर कंपनीने दिलेला ड्रायव्हर नेहमी नवा ठरावा. फाइल स्वतः विंडोज अपडेटबरोबर बदलत असते. अशा अपडेटरसाठी पैसे मोजण्यात काहीही अर्थ नाही.

उरलेल्या तक्रारी ड्रायव्हरच्या नावावर खपतात, पण त्यांचं मूळ दुसरीकडे असतं. सिनेमाची डीव्हीडी उघडते, फाइली दिसतात, पण चालत नाही: विंडोज ८पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी दाखवण्याची सोय नेहमीच्या विंडोजमधून काढली, व्हीएलसी हा प्लेअर टाकला की भागतं. जुना गेम डिस्क असूनही ‘डिस्क घाला’ म्हणतो: सेफडिस्क या नक्कल-प्रतिबंधक सॉफ्टवेअरचा सेकड्रायव्ह.सिस विंडोज १०मध्ये नाही आणि आधीच्या आवृत्त्यांत तो सप्टेंबर २०१५च्या सुरक्षा अपडेटने बंद केला. बाहेरून लावायचा पातळ ड्राइव्ह डिस्क फिरू लागताच गायब होतो: यूएसबी २.० पोर्टला ५०० मिलिअँपिअर देणं बंधनकारक, डिस्क गती घेताना त्याहून जास्त लागतात. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागे मदरबोर्डवर थेट लावावा किंवा दोन शेंड्यांची केबल वापरावी. सीडी वाचतो पण डीव्हीडी नाही: दोघींचे लेझर वेगळे, सीडीचा ७८० नॅनोमीटर आणि डीव्हीडीचा ६५०, एक क्षीण झाला तर दुसरा खुशाल चालतो आणि तिथे कुठलाही ड्रायव्हर उपयोगाचा नाही.

परदेशातून आणलेल्या डीव्हीडीचं गाऱ्हाणंही यातलंच. डीव्हीडी आणि ड्राइव्ह दोन्ही जगाच्या ठरावीक विभागाशी, म्हणजे रीजनशी, बांधलेले असतात: भारत रीजन ५मध्ये, अमेरिका १मध्ये. २०००पासूनच्या ड्राइव्हमध्ये रीजन पाच वेळाच बदलता येतो आणि ही मोजणी ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये होते. विंडोज पुन्हा टाकल्याने किंवा ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावल्याने ती शून्यावर येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘डीव्हीडी रीजन’ टॅबवर किती बदल उरलेत ते दिसतं. शेवटचा बदल वापरण्याआधी तिथे एकदा पाहून घ्यावं.