लेकीची ओवी आणि पाठवणीचे गीत

मुलीच्या पाठवणीच्या वेळी मांडवात जे गाणे लावले जाते आणि आजीच्या तोंडी जात्यावर जी ओवी असते, त्या दोहोंना पुष्कळ लोक एकच समजतात. गल्लत होणे स्वाभाविक आहे. दोन्हींत लेक आहे, सासर आहे, आईबापांची माया आहे. शिवाय आमच्या सांगलीकडे लग्नाआधी हळद दळताना आणि घाणा भरताना बायका ओव्याच म्हणतात, त्यामुळे एकाच मांडवात दोन्ही प्रकार कानावर पडतात. तरीही या दोन्हींतले प्रेम वेगवेगळ्या जागेवरून बोलते, आणि ती जागा ओळखल्याशिवाय दोहोंतले खरे मोल हाती लागत नाही, असे मला वाटते.

पाठवणीचे गीत एका घटकेचे आहे. झाल झाली, ओटी भरली, पाठराखीण गाडीत बसली आणि आता पाऊल उंबऱ्याबाहेर पडणार, एवढाच त्याचा काळ. ते चारचौघांत म्हटले जाते आणि त्यातले बोलणे थेट मुलीशी असते. या परंपरेचे मूळ फार जुने आहे. कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात शकुंतलेची पाठवणी करताना तिचा पालक पिता कण्व म्हणतो, की माझ्यासारख्या अरण्यात राहणाऱ्याची ही अवस्था, तर संसारी बापांचे काय होत असेल. आणि मुलगी नजरेआड झाल्यावर तोच म्हणतो, की कन्या हे परक्याचेच धन, ते ज्याचे त्याला परत केल्यामुळे ठेव फेडल्यासारखे मन हलके झाले. मराठीत ही घटका सर्वांत घरोघरी पोहोचवली ती वाळवा तालुक्यातील येडेनिपाणीत १९१४ साली जन्मलेल्या पी. सावळाराम यांनी. वसंत प्रभूंची चाल आणि लता मंगेशकरांचा आवाज लाभलेल्या त्यांच्या गीतातले 'दिल्या घरी तू सुखी रहा' हे शब्द आता म्हणीसारखे वापरले जातात. त्यातला 'दिल्या' हा शब्द मला नेहमी अडवतो. सबंध कन्यादान त्या दोन अक्षरांत आहे, आणि कण्वाची ठेवही तिथेच आहे. ही माया खरी आहे, पण ती देऊन मोकळ्या होणाऱ्याची माया आहे. लेक दाराबाहेर गेली की गीत संपते.

ओवी त्या दारापाशी थांबत नाही. ती म्हणणारी बाई पहाटे जात्यापुढे एकटी, फार तर सुनेबरोबर किंवा शेजारणीबरोबर बसलेली असते. समोर लेक नसते. ती अजून अंथरुणात झोपलेली तरी असते, नाहीतर दहा वर्षांपूर्वीच नांदायला गेलेली असते. म्हणून ओवीतले बोलणे लेकीशी क्वचित आणि जात्याशी, वाटेशी, देवाशी अधिक असते. कोणी ऐकत नसल्यामुळे मांडवात उच्चारता न येणारे सारे तिथे येते: सासरचा जाच, जावयाचा स्वभाव, बापाने स्थळ बघताना केलेली घाई, बाईच्या जन्माबद्दल देवाला विचारलेला जाब. शिवाय ओवीतली वाट दोन्ही दिशांनी चालते. पाठवणीच्या गीतात लेक फक्त जाते; ओवीत पंचमीचे मूळ घेऊन मुराळी भाऊ निघतो, लेक माहेरी येते, न्हाऊमाखू होते, पुन्हा जाते, आणि आई पुन्हा वाटेकडे बघू लागते.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या लेखी सर्वांत मोठी आहे. ओवी म्हणणारी आई स्वतःही कोणाची तरी लेक असते. तिने तीच वाट तुडवलेली असते, त्यामुळे एका ओवीत ती आई म्हणून बोलते आणि पुढच्या ओवीत नकळत आपल्याच आईला हाक मारते. ओवीच्याच छंदात रचना करणाऱ्या बहिणाबाई चौधरींनी 'लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते' असे म्हटले, तेव्हा या दुहेरी नात्याचा गाभाच त्यांनी उचलला. देणारा बाप हे म्हणू शकत नाही. तो कधी दिला गेलेला नसतो. (याला अपवाद तुकोबांचा. 'कन्या सासुऱ्यासि जाये । मागें परतोनी पाहे' असे म्हणून ते जाणाऱ्या मुलीच्याच जागी उभे राहतात, मात्र त्यांची ओढ केशवाच्या भेटीची आहे.)

रचनेतही फरक आहे. गीत कवीने लिहून पुरे केलेले असते, त्यातला शब्द बदलता येत नाही. ओवीची पहिली ओळ बहुधा गावात रुळलेली असते आणि दुसऱ्या ओळीत म्हणणारी आपल्या माणसांची, गावांची नावे घालते. वाळवा तालुक्याच्याच बागणी गावच्या सरोजिनी बाबर यांनी हे धन जन्मभर गोळा केले आणि गी प्वातवां व हेमा राईरकर यांच्या संग्रहात तर जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, तरी ओव्या संपल्या असे म्हणता येत नाही, याचे कारण हेच.

माझ्या आत्याकडून ओव्या लिहून घ्यायला मी गेले होते, तेव्हा खुर्चीवर बसून तिला एकही आठवेना. "जातं फिरल्याबिगर वव्या येत न्हाईत, बाळ," असे म्हणून ती खाली बसली, मोकळ्या मुठीने नसलेला खुंटा धरला, दुसऱ्या हाताने नसलेल्या दाण्यांची वैरण घातली आणि हात गोल फिरू लागल्यावर एकामागून एक अशा तेवीस ओव्या तिने सांगितल्या. पुढे तिच्या नातीचे लग्न झाले. पाठवणीला मांडवात ते प्रसिद्ध गीत लागले, सारे रडले, आत्याही रडली. चार महिन्यांनी मी पुन्हा गेले तेव्हा तिने आधीचीच एक ओवी म्हटली. फक्त दुसऱ्या ओळीत लेकीच्या सासरच्या गावाऐवजी आता नातीच्या सासरचे गाव होते.