दऱ्या, दर्‍या आणि दर्या

मराठी मजकुराच्या मोठ्या साठ्यात 'शेतकऱ्यांना' हा शब्द शोधला आणि अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी ओळी मिळाल्या, तर बाकीच्या ओळी हरवलेल्या नसतात. त्या तिथेच असतात, फक्त त्यांच्यातला आडवा अर्धा र वेगळ्या आकड्यांनी लिहिलेला असतो. पडद्यावर दोन्ही सारखे, छापून काढले तरी सारखे. शीर्षकातले पहिले दोन शब्दही तसेच आहेत. संगणक प्रत्येक अक्षर एका आकड्याने साठवतो, आणि कोणत्या अक्षराला कोणता आकडा ते आज युनिकोड हे जागतिक मानक ठरवतं. हा घोळ कुठून आला ते पाहायचं तर युनिकोडच्या आधीच्या इस्कीपर्यंत मागे जावं लागतं.

इस्की हा आठ बिटांचा भारतीय संकेत. १९८०च्या दशकात त्याच्या आवृत्त्या निघाल्या आणि १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने तो राष्ट्रीय मानक झाला. खालच्या १२८ जागा इंग्रजीला जशाच्या तशा ठेवल्या, वरच्या भागात भारतीय अक्षरं बसवली. ब्राह्मीतून आलेल्या सगळ्या लिप्यांना मिळून एकच तक्ता होता. १७९ म्हणजे क. तो देवनागरीत दाखवायचा, बंगालीत की तमिळमध्ये, ते वेगळं ठरायचं. त्यामुळे लिपी बदलली की लिप्यंतर फुकटात व्हायचं. पण सामायिक तक्त्यात एका लिपीचं अक्षर बाकीच्यांच्याही घरात जागा अडवतं. तमिळ आणि मल्याळममध्ये नेहमीच्या र शिवाय आणखी एक र आहे. नेहमीचा र २०७ वर होता, म्हणून या दुसऱ्याला २०८ मिळाला, आणि देवनागरीत त्या जागी र खाली टिंब देऊन ऱ आला. मराठीत हे अक्षर अख्खं कुणी लिहीत नाही. मग या जागेला मराठीचं काम लावण्यात आलं: र ला हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) जोडून पुढे व्यंजन आलं तर रफार, ऱ ला जोडून आलं तर आडवा अर्धा र.

युनिकोडने देवनागरीचा गट १९८८च्या इस्कीवरून उचलला, क्रमासकट. २३०४ ते २४३१ अशा या १२८ जागा. त्यांत र २३५२ वर आणि ऱ २३५३ वर आहे. तमिळ गटातला तो दुसरा र बरोबर ६४० जागा पुढे, २९९३ वर सापडतो. घराणं कुठलं ते इतकं उघड आहे. युनिकोडच्या तक्त्यातही ऱ ची ओळख 'द्राविडी र च्या लिप्यंतरासाठी' अशीच दिलेली आहे, आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे मराठीतला आडवा र, हे खाली टिपेत येतं.

गुंता झाला तो इथे. युनिकोडच्या १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमाने आडव्या र साठी वेगळी वाट दिली होती: र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, क्रमांक ८२०५. पुढच्या आवृत्त्यांत इस्कीशी सुसंगत म्हणून ऱ + हलन्त हा नियम मुख्य झाला. जोडकाचा नियम 'जुन्या आवृत्तीशी जुळावं म्हणून' शेजारी ठेवला गेला, आणि तो आजही तसाच आहे. म्हणजे दोन्ही मार्ग अधिकृत. शिवाय युनिकोडच्या सामान्यीकरणात, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या प्रक्रियेत, या दोन्हींना समान मानलेलं नाही, त्यामुळे सामान्यीकरण करून एकाचं दुसरं होत नाही.

दऱ्या हा शब्द सुटा करून पाहू. ऱ च्या पद्धतीने २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६ असे पाच आकडे होतात. जोडकाच्या पद्धतीने २३४२, २३५२, २३८१, ८२०५, २३५१, २३६६ असे सहा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे आकडे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एक शब्द १५ बाइटांचा आणि दुसरा १८ चा.

जोडकाच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद तत्त्वाचा आहे. युनिकोड अक्षराला आकडा देतं, आकाराला नाही. मराठीत र एकच, मग त्याच्या एका वळणासाठी परक्या ध्वनीचं अक्षर का वापरायचं? ऐकायला पटतं. पण आडवा र हे नुसतं वळण नाही. 'आचार्यास' म्हणजे गुरूला आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला. पहिल्यात आधीच्या अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. ऱ्हास, कुऱ्हाड, वऱ्हाड या शब्दांत तर रफार चालतच नाही. अर्थ बदलणारा फरक एका न दिसणाऱ्या चिन्हावर सोपवणं धोक्याचं, कारण जोडक हे मुळात 'दुर्लक्ष केलं तरी चालेल' अशा वर्गातलं चिन्ह आहे.

आणि दुर्लक्ष होतंच. मजकूर स्वच्छ करणारी कितीतरी साधनं न दिसणारी चिन्हं आधी काढून टाकतात, आणि दर्‍या गुपचूप दर्या होतात. डोमेन नावांच्या (संकेतस्थळांच्या पत्त्यांच्या) २००३च्या नियमांत जोडक सरळ गाळला जायचा. २०१०च्या नियमांनी तो हलन्तानंतर चालेल असं ठरवलं, तोवर सात वर्षं गेली होती.

ऱ ची बाजूही पूर्ण सुरक्षित नाही, हे ती घेणारे सहसा सांगत नाहीत. युनिकोडच्या लेखी ऱ म्हणजे र (२३५२) + नुक्ता म्हणजे खालचं टिंब (२३६४); दोन्ही समतुल्य. हिंदीसाठी लिहिलेल्या शोधप्रणाली नुक्ता गाळतात, म्हणजे बाज़ार आणि बाजार एकत्र सापडतात. मराठी मजकूर त्याच चाळणीतून गेला की ऱ चा र होतो आणि शेतकऱ्यांचे 'शेतकर्यां' होतात. शिवाय केवळ आकड्यांच्या क्रमाने यादी लावली तर दऱ्या हा शब्द दरोडा, दर्शन अशा सगळ्यांनंतर येतो, कारण २३५३ हा २३५२ च्या पुढे. तरीही निवड करायची तर ऱ. तो निदान दिसणारं अक्षर आहे, आणि त्याची खराबी होते तेव्हा कारण शोधता येतं.

दोन्ही रूपं इतकी पसरली ती की-बोर्डांमुळे. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण की-बोर्ड मांडणीवर र आणि ऱ एकाच कळीवर आहेत, जे आणि शिफ्ट-जे. तिथून आलेला मजकूर बहुतेक ऱ चा असतो. रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणाऱ्या बऱ्याच साधनांनी जोडकाची वाट धरली. एकाच नोंदवहीत दोघांनी टंकलं की दोन्ही प्रकार आलेच. (ॲ ची गोष्ट याची लहान बहीण: २४१८ हा आकडा २००८ मध्ये मिळाला, तोवर लोक ऍ तरी वापरत किंवा अ ला ॅ लावत. ती तिन्ही रूपं जुन्या मजकुरात अजून भेटतात.)

युनिकोडपूर्व डीटीपी (संगणकावर छपाईची मांडणी करण्याच्या) फॉन्टमध्ये हा प्रश्न नव्हता, कारण तिथे अक्षरं नव्हतीच, आकारांचे तुकडे होते. रफार एका जागी, आडवा र दुसऱ्या जागी. रूपांतर करताना मात्र रफाराचा तुकडा व्यंजनाच्या मागून उचलून पुढे न्यावा लागतो आणि आडवा र आहे तिथेच ठेवायचा असतो. दोघांना एकच नियम लावणारं साधन अख्ख्या पुस्तकात 'दुसर्या', 'तिसर्या' करून ठेवतं.

हातातल्या मजकुरात कोणतं रूप आहे ते बॅकस्पेसने कळतं. 'दऱ्या'मधला काना आणि य पुसा. पायमोडका, टिंबवाला र उरला तर तो २३५३. आडवी रेघ तशीच लटकत राहिली तर मागे जोडक आहे. काही संपादक अख्खं जोडाक्षर एकदम पुसतात, तिथे ही युक्ती चालत नाही.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. आधी २३५२, २३८१, ८२०५ या तिकडीच्या जागी २३५३, २३८१ घालावं. सुटे र + नुक्ता जोडून २३५३ करावेत. न दिसणारी चिन्हं काढायचीच असतील तर त्यानंतर. जोडक आधी उडवले तर परत येण्याचा रस्ता उरत नाही. मग शब्दकोश लावून पाहावा: 'शेतकर्यांना', 'दुसर्या' असे शब्द मराठीत नाहीत, ते यंत्राने बेधडक बदलावेत. 'दर्या', 'आचार्यास' यांना शुद्धलेखन तपासणी अडवणार नाही, कारण ते शब्द बरोबरच आहेत. तेवढ्या ओळी वेगळ्या काढून माणसाने वाचायच्या.